वाफेवरची कादंबरी

कादंबरी वाचणे हे व्यसन की अभ्यास, हा वाद आपल्या मराठीत कादंबरीइतकाच जुना आहे. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले, १८६१ साली हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. या मंजुघोषेच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी मोठ्या सरळपणाने एक अडचण सांगून टाकली आहे. आपल्या लोकांचे आयुष्य, विशेषतः आपली लग्नाची रीत, अशी आहे की तीत वाचकाचे मन रमावे असे काही घडतच नाही. जसे आहे तसे लिहू जाता गोष्ट नीरस होते. म्हणून अद्भुताची कास धरावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी त्याच नीरस म्हटलेल्या घरांतून 'पण लक्षात कोण घेतो?' काढून दाखविली, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. तथापि रिसबुडांचे ते म्हणणे आमच्या मनात मधून मधून डोके वर काढते, आणि यंदाच्या चातुर्मासात ते फारच जोराने वर आले. निमित्त झाले एका विलायती कादंबरीचे.

आमचे बिऱ्हाड भोकरला. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. लोणच्याच्या भोकरांशी नामसाम्य असल्यामुळे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांच्या थट्टेस नेहमी पात्र होणारे. तीन भावांचा एकत्र संसार, आणि त्या सर्वांवर आमच्या मोठ्या काकू. वय शहाऐंशी. दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. कान मात्र असे की परसात बिब्ब्याचे पान पडले तरी त्यांना कळावे. आषाढापासून कार्तिकापर्यंत त्यांच्यापुढे रोज तिन्हीसांजेस पोथी वाचण्याचा घरातला नेम आहे. एके वर्षी श्रीधरस्वामींचा 'हरिविजय', एके वर्षी 'पांडवप्रताप', असा फेरा चालतो. यंदा 'हरिविजय' वाचण्याचे काम आमच्या पुतणीकडे आले. ती यंत्र-अभियांत्रिकी शिकलेली, पुण्यात एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे करते. आईच्या शस्त्रक्रियेनिमित्त दोन महिने घरी राहून इथूनच काम करीत होती. पोथी संपली की ती आपले एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिव्याखाली बसे. काकूंनी चार दिवस हे ऐकून घेतले आणि पाचव्या दिवशी विचारले, "काय वाचायलीस गं एकटीच?"

"सोललेस," ती म्हणाली.

"काय सोललेस? लसूण?"

घरात त्या दिवशी फार हशा झाला. 'सोललेस' म्हणजे आत्मा नसलेली; गेल कॅरिगर या अमेरिकन लेखिकेची ही २००९ सालची पहिली कादंबरी. बाई मूळच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक. ज्या जातीच्या लेखनात हे पुस्तक मोडते त्याला तिकडे 'स्टीमपंक' असे काहीसे उनाड नाव आहे. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर नावाच्या लेखकाने आपल्या आणि आपल्या दोन मित्रांच्या गोष्टींना थट्टेने हे नाव दिले आणि ते चिकटून बसले. कल्पना अशी, की वाफेचे युग संपलेच नाही असे समजावयाचे. पेट्रोल नाही, विजेचे दिवे बेताचेच. पण पितळेची चक्रे, किल्लीवर चालणारे पुतळे, वाफेवर उडणारी जहाजे यांची रेलचेल. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला झगा आणि टोपी तीच, मात्र गच्चीवर विमान येऊन थांबते. त्यात कॅरिगरबाईंनी भुतेखेते मिसळली आणि त्यावर प्रेमकथेचा पाक ओतला. पदार्थ तीन, भांडे एक. उतू जाण्याचा संभव फार. पण बाईंचा हात बरा आहे.

काकूंनी हुकूम सोडला की पोथीचा अध्याय झाला म्हणजे या सोललेसचाही एक अध्याय व्हावा, मराठीतून, मोठ्याने. आमच्या थोरल्या बंधूंना हे पटले नाही. "चातुर्मासात पिशाच्चांच्या गोष्टी?" असे ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "पूतना काय देवमाणूस होती?" वाद तेथेच संपला.

तर त्या नायिकेविषयी. ॲलेक्सिया तॅराबॉटी तिचे नाव. लंडनमधील सुमारे १८७३ सालची गोष्ट. वय सव्वीस, लग्न झालेले नाही आणि होईल अशी आशा घरच्यांनी सोडलेली. बाप इटालियन होता, तो वारला. आईने दुसरे लग्न केले. त्या दुसऱ्या संसारातल्या दोन गोऱ्यागोमट्या मुली घरात आहेत. ॲलेक्सिया मात्र बापाच्या वळणावर गेलेली. रंग सावळा, नाक मोठे, त्यातून पुस्तके वाचते आणि बोलून दाखवते. पुतणी हे भाषांतर करीत असताना तिच्या आवाजात कोणताही फरक पडला नाही. पण बैठकीत एकदम शांतता झाली. कारण आमची पुतणीही सव्वीस वर्षांची, सावळी आणि पुस्तके वाचणारी आहे, आणि त्याच आठवड्यात एका स्थळाकडून पत्र आले होते. त्या पत्राची हकीकत पुढे येईल.

गोष्टीच्या प्रारंभीच एका मेजवानीत नायिका भुकेली म्हणून वाचनालयात जाऊन बसते. तेथे एक रक्तपिपासू पिशाच्च तिच्यावर झडप घालते. ती आपली जड छत्री चालवते आणि केसांतला लाकडी आकडाही. पिशाच्च मरते. तिला दुःख होते ते खाद्यपदार्थांच्या मेजाची नासाडी झाल्याचे. काकू इथेच पुस्तकाच्या बाजूच्या झाल्या. नायिकेच्या अंगी एक गुण असा, की तिला आत्मा नसल्यामुळे तिचा स्पर्श ज्या पिशाच्चाला वा लांडगामाणसाला होईल तो, हात धरलेला आहे तोवर, साधा मर्त्य माणूस होतो. दात आत जातात, केस झडतात. नायक जो लॉर्ड मॅकॉन, तो अशाच लांडगामाणसांचा म्होरक्या आहे. स्कॉटलंडचा, आडदांड, जेवणाच्या रीतीचा गंध नसलेला. दोघांचे सतत भांडण चालते, आणि त्या भांडणातून जे निघावयाचे ते निघते.

"म्हणजे बाईने हात धरला की लांडग्याचा माणूस होतो?" काकूंनी विचारले. "मग यात अद्भुत ते काय?"

पुस्तकात एक मौज अशी आहे की इंग्रजांचे साम्राज्य एवढे वाढले त्यात रक्तपिपासू मंडळींची मसलत आणि लांडगामाणसांच्या पलटणी यांचा मोठा वाटा होता, असे लेखिकेने खुशाल मांडले आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी हेच आम्हांस शाळेत सांगितले असते तर आम्ही चटकन विश्वास ठेवला असता. गंभीरपणे सांगावयाचे तर यंत्रांचा भाग पहिल्या पुस्तकात शोभेपुरताच अधिक आहे. आकाशातून जहाजे जातात, एक गृहस्थ अनेक भिंगांचा चष्मा लावतो, शास्त्रज्ञांची एक दुष्ट मंडळी मेणाच्या तोंडाचा एक यांत्रिक माणूस बाळगून आहे. चहाचे पेले मात्र इतके येतात की मोजता मोजता पुरेवाट व्हावी. संवाद तरतरीत. मधे कुठे कुठे पुतणी भराभर वाची. एकदा काकू म्हणाल्या, "पान उलटल्याचा आवाज दोनदा आला. वाचायलीस की पळवायलीस?" ती म्हणाली, "त्यात विशेष काही नव्हतं, मोठी आजी." काकू म्हणाल्या, "मग पळवलीस कशाला?"

थोरल्या बंधूंचा आक्षेप आता दुसऱ्या बाजूने आला. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक. हे सारे परक्यांचे आहे, आपल्या मातीत यंत्र आणि प्रीती यांची अशी सोयरीक कधी झाली नाही, असे ते म्हणाले. यावर मात्र आम्हांस बोलणे भाग पडले. पंचतंत्रातल्या कोष्ट्याची गोष्ट त्यांनीच आम्हांला लहानपणी सांगितली होती! यात्रेत राजकन्येला पाहून एक कोष्टी वेडावतो. त्याचा मित्र सुतार, रथ बनविणारा. तो लाकडाचा गरुड करतो, खुंटी फिरविली की उडणारा. कोष्टी शंखचक्र घेऊन त्यावर बसतो आणि साक्षात नारायण म्हणून राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर उतरतो. राजाला वाटते, जावई विष्णू. मग भ्यावे कोणास? तो शेजाऱ्यांशी भांडणे काढतो आणि अखेर किल्ल्यात कोंडला जातो. बिचाऱ्या कोष्ट्यावर लढण्याची पाळी येते, आणि लाकडी गरुडावरचा नारायण मेला तर जगात आपल्याला कोण मानील, या काळजीने खऱ्या विष्णूलाच त्याच्या अंगात शिरावे लागते. वाफ नाही एवढेच. बाकी कॅरिगरबाईंना हेवा वाटावा. आणि अग्नीचा भागही अगदीच नाही असे नव्हे. अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करून त्याच्या पोटात पाऱ्याचे भांडे आणि त्याखाली विस्तव ठेवण्याची कृती सांगितली आहे. ते उडाले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण कल्पनेला कोळसा कमी पडला नव्हता, हे दिसते.

शिवाय असल्या कथांचे माहेर म्हणावे तर ते आमच्या मराठवाड्यातच. गुणाढ्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' लिहिली तो सातवाहन राजाच्या पदरी होता, आणि त्या राजाची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आमचे पैठण, अशी परंपरा आहे. राजाने ग्रंथाची हेळसांड केली तेव्हा गुणाढ्य अरण्यात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी, असे सांगतात. त्या बृहत्कथेवरून काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यात मयासुराची कन्या सोमप्रभा आपल्या मैत्रिणीला, कलिंगसेनेला, लाकडाच्या यांत्रिक बाहुल्या आणून देते, आणि एका ओस नगरात एकच सुतार राज्य करतो. बाकी सारे नागरिक लाकडाचे. पैठणाहून गोदावरीच्या पाण्याबरोबर निघाले की नांदेड लागते आणि नांदेडहून भोकर फार दूर नाही. तेव्हा लाकडाच्या बाहुल्यांना आमच्या ओसरीवर बसावयास विलायती परवाना नको. बंधू काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कपाटातून कथासरित्सागर खाली काढला, हे आम्ही पाहिले.

आता त्या पत्राविषयी. स्थळ चांगले. मुलगा शिकलेला, घर सुखवस्तू. मुलाच्या वडिलांनी छायाचित्र पाहून लिहिले होते की, मुलगी सावळी आहे, पण उच्चशिक्षित असल्याने आमची हरकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पत्र सभ्य वाटले. सभ्य होतेच. पुतणीने ते वाचून खाली ठेवले आणि, "मला जायचं नाही त्या घरी," एवढेच म्हणाली. कारण विचारता तिने सांगितले नाही. मग अशा प्रसंगी जे होते ते झाले. कोणी म्हणाले, हे या कादंबऱ्यांमुळे होते. लांडगे आणि विमाने वाचून वाचून साध्या घरचा साधा मुलगा मुलींच्या डोळ्यांस दिसेनासा होतो. आपल्या घरांत पाहून, जुळवून, पत्रिका बघून लग्ने झाली; त्यांत कुठे प्रीतीची जहाजे उडाली? म्हणजे रिसबुडांचेच म्हणणे, दीडशे वर्षांनी, उलट्या बाजूने.

काकू जपमाळ ओढीत होत्या. त्या थांबल्या आणि पुतणीला म्हणाल्या, "तुझ्या त्या पुस्तकात वाफेची शिट्टी आहे का कुठे?"

"असेल, मोठी आजी. का?"

"नाही, इतकी यंत्रं सांगायलीस आणि शिट्टी कुठे वाजेना म्हणून विचारलं."

इथे थोडी माहिती देणे अवश्य आहे. कादंबरीतली नायिका ज्या काळी लंडनमध्ये उडत्या जहाजांखालून फिरत होती, त्या काळी निजामाच्या मुलखात वाडीपासून सिकंदराबादेपर्यंतचा पहिला लोहमार्ग नुकता होत होता. तो १८७४ साली सुरू झाला. गोदावरीच्या खोऱ्यात आगगाडी यावयास शतक संपत आले. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट असा आदिलाबादेस जाणारा फाटा मीटरगेजचा होता. म्हणजे दोन रुळांत एक मीटरचे अंतर. निजामाचे राज्य १९४८ साली गेले, निजाम स्टेट रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत आली आणि १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निराळी झाली. फाटा मात्र होता तेथेच होता. आमचे मोठे काका या मार्गावर मालगाडीचे गार्ड. आता ती मीटरगेज राहिली नाही, ब्रॉडगेज झाली. काकाही राहिले नाहीत.

काकूंचे लग्न १९५७ साली झाले, वयाच्या अठराव्या वर्षी. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात काकांनी मान वर केली नाही असे आमच्या घरात अद्याप सांगतात. घरात माणसे सतरा. दिवसा नवराबायकोने एकमेकांशी बोलण्याची रीत नव्हती. त्यातून नवरा मालगाडीवर. प्रवासी गाडीला वेळापत्रक तरी असते. मालगाडी केव्हा निघेल, कुठे दोन तास बाजूला उभी राहील, हे स्टेशनमास्तरासही सांगता येत नसे. काकांची गाडी भोकरला क्रॉसिंगसाठी थांबे. कधी वीस मिनिटे, कधी तास. गार्डाने गाडी सोडून घरी यावयाचे नाही. म्हणजे जेवण जायचे असेल तर ते त्या वीस मिनिटांत स्टेशनावर जावयास हवे. आणि ते जात असे. गरम भाकरी, पिठले, ठेचा. डबा घेऊन पळणारे पाय आमचे. आठ-नऊ वर्षांचे असताना हे काम आम्ही पुष्कळ केले आहे. घर स्टेशनच्या अंगाला असल्याने पळणे फार नव्हते. डबे दोन असत. एक शेपटाकडे, काकांच्या ब्रेकव्हॅनमध्ये. दुसरा पार पुढे, इंजिनावर. दुसऱ्या डब्याविषयी घरी बोलावयाचे नाही अशी ताकीद होती, आणि तीबद्दल गुळाचा खडा मिळे. रेल्वेचा तसा काही नियम असावा, अशी आमची समजूत होती.

आमच्या आजीला, म्हणजे काकूंच्या सासूबाईंना, या सूनबाईंचे एक कोडे होते. गाडी स्टेशनात शिरण्यापूर्वीच हिचा तवा चुलीवर चढलेला कसा? तोही काकांची गाडी असेल तेव्हाच. इतर मालगाड्यांना नाही. आजी सांगत असे की सूनबाईंच्या अंगात काहीतरी आहे. अमावास्येला जन्म, डोळे घारे, माहेर माहुरकडचे. शेजारणींना एवढा पुरावा पुष्कळ झाला. एकदोघींनी हरवलेल्या वस्तू विचारावयासही सुरुवात केली होती.

"अंगात कुठलं काय," काकू म्हणाल्या. "शिट्टी होती."

पूर्णेच्या लोकोशेडचे एक मुसलमान ड्रायव्हर होते. काकांची आणि त्यांची जोडी बहुधा एकत्र पडे. भोकरच्या आउटर सिग्नलपाशी ते शिट्टी देत. ती सगळेच ड्रायव्हर देत. पण गाडीवर काका असले की ते ती लांब ओढीत आणि शेवटी थोडी वर वळवीत, प्रश्न विचारल्यासारखी. वाफेच्या शिट्टीला दांडी असते. ती किती आणि कशी ओढावी हे हाताचे कसब आहे, त्यामुळे त्या काळी जाणकार माणूस शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखी. काकांनी त्यांना तसे सांगून ठेवले होते. बायकोला मात्र सांगितले नव्हते! सांगणार कधी आणि कुठे? काकूंनी ते आपणच ओळखले, लग्नानंतर सहाव्या महिन्यात. दोन वेळा ताडून पाहिले, तिसऱ्या वेळी तवा चढवला. काकांना स्टेशनावर गरम भाकरी मिळाली तेव्हा त्यांना समजले की हिला समजले. यावर दोघांत कधी एक अक्षर बोलणे झाले नाही.

"आणि दुसरा डबा?" पुतणीने विचारले.

"ज्यानं हाक मारली त्याला उपाशी ठेवायचं का?" काकू म्हणाल्या. मग थोडे थांबून, "सासूबाईंना कळतं तर चूल धुवायला लावली असती. सोवळ्यातली भाकरी मुसलमानाच्या इंजिनावर चालली म्हणून. माझ्या मनालाही आधी ते बरं वाटलं नव्हतं. पण शिट्टी वाजली की हात थांबायचा नाही."

आम्ही ऐकत होतो. डबे पोहोचविणारे आम्ही, पण शिट्टीचे आम्हांस त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हते. कोष्ट्याचा गरुड आणि ही शिट्टी यांत एक भेद आम्हांस तेव्हा जाणवला. तिकडे यंत्र आले ते माणसाला झाकण्यासाठी. सुतार, कोष्टी आणि खुंटी यांखेरीज खरे कोणासच माहीत नव्हते. इकडे साऱ्या भोकरला ऐकू जाईल अशा मोठ्याने ते यंत्र ओरडत होते, की मी आलो. आणि ऐकणारी एकच होती.

पुतणीने विचारले की, मोठे आजोबा निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या गाडीला तशीच शिट्टी झाली का? आजकालच्या मुलांना शेवट हवा असतो. काकू म्हणाल्या, "नाही गं. त्यांची नोकरी संपली एक्याण्णव साली. तोवर ड्रायव्हरसाहेब केव्हाच घरी बसलेले. डिझेलच्या भोंग्याला गळा कुठला? तो नुसता खेकसतो." मग म्हणाल्या, "वाच पुढे. त्या लांडग्यानं मागणी घातली का?"

वाचन पुढे झाले. मागणीही झाली, आणि या वेळी पान एकदाच उलटले. परंतु त्या रात्री थोरले बंधू उशिरापर्यंत दिवा लावून बसले होते. सकाळी त्यांनी मुलाच्या वडिलांस लिहिलेले उत्तर आम्हांस दाखविले. संस्कृत शिक्षकाचे पत्र, व्याकरण चोख. मायना, कुशल, पत्र पावल्याचा आनंद, हे सारे यथास्थित. नंतर एकच वाक्य: मुलगी सावळी आहे आणि उच्चशिक्षित आहे, आपल्या पत्रातील 'पण' या अव्ययाऐवजी 'आणि' हे अव्यय आपणांस मान्य असल्यास पुढील बोलणे मुलामुलीने आपसात करावे, आमची हरकत नाही. पुतणीला त्यांनी ते वाचावयास दिले. तिने 'आमची हरकत नाही' यावर बोट ठेवून, "काका, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत," असे म्हटले. बंधूंनी चष्मा पुसला. पत्र त्याच दिवशी टपालात पडले. या गोष्टीस महिना होत आला. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि घरात कोणी टपालवाल्याची वाट पाहत असल्याचेही दिसत नाही.

पुतणी आता पुण्यास परत गेली आहे. 'हरिविजय' आम्ही वाचतो. कॅरिगरबाईंचा दुसरा भाग ती रोज रात्री दूरध्वनीवरून काकूंना वाचून दाखवते. त्यात नायिका वायुजहाजाने स्कॉटलंडला निघाली आहे, आणि पुरुषी पोशाख करणारी एक फ्रेंच बाई वरती टोप्यांचे दुकान आणि खाली तळघरात कारखाना चालवते. नायिकेची नवी छत्री तिनेच करून दिली आहे. पुतणीचा या बाईवर फार जीव जडला आहे असे दिसते, कारण तिच्या तळघराचे वर्णन ती दोनदा वाचते. काकूंनी परवा विचारले की एवढे जहाज हवेत न्यावयाचे तर कोळसा किती लागतो, आणि पाणी कुठे भरतात. पुस्तकात ते दिलेले नव्हते. पुतणी म्हणाली, "मी हिशेब करून सांगते." दुसऱ्या दिवशी तिने तो खरोखरच सांगितला, बॉयलर तापावयास किती तास लागतील यासकट. काकूंनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग अंधार असतानाच पेटवायला हवं. वाच."